यंत्रांची वाणी आणि तिचें जतन

छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील कन्नड तालुक्यांत देवगाव रंगारी नांवाचें गांव आहे. कापड रंगविणाऱ्यांचा धंदा त्या गांवाच्या नांवाला कायमचा चिकटून राहिला आहे. जुन्या रंगाऱ्यांच्या धंद्यांतील एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी असे. गिऱ्हाईक येई तें आपलें पांढरें कापड घेऊन. रंग मात्र रंगाऱ्याच्या हातचा. मंजिष्ठ किती घ्यावयाची, निळीचे हात किती द्यावयाचे, तुरटीचें पाणी आधीं कीं मागून, आंच किती वेळ ठेवावयाची, हें सारें प्रमाण त्याच्या डोक्यांत असे. असा एखादा जाणता कारागीर आपलें प्रमाण कोणास न सांगतां निवर्तला, तर त्यानें रंगविलेलें लुगडें घरच्या पेटींत राही. पण त्याच रंगाचें दुसरें लुगडें पुन्हां कोणाच्या हातून होत नसे. वस्तु उरे आणि विद्या जाई.

आज बोलणाऱ्या यंत्रांवर नेमका हाच प्रसंग आला आहे. १९८० सालाच्या आगेंमागें यंत्रें प्रथमच स्वस्तांत आणि घरोघर बोलूं लागलीं. मुलांचीं खेळणीं बोललीं, शाळेंतील संगणक बोलले, आणि ज्यांची वाचा गेली होती अशा माणसांच्या वतीनेंही यंत्रें बोललीं. त्या आवाजांचा सांठा ज्या बोटभर लांबीच्या चिपांमध्यें भरून ठेविला होता, त्या चिपा आतां कोणी तयार करीत नाहीं. त्यांतील एक बिघडली कीं दुसऱ्या कोणत्या तरी जुन्या यंत्राच्या पोटांतून काढून आणावी लागते. आणि तशी शेवटची चिप बिघडली म्हणजे तो आवाज कायमचा मिटतो. हे आवाज राखण्याचें काम बहुतांशीं हौशी माणसें करीत आहेत. दिवसभर आपला उद्योग सांभाळून, रात्रीं घरच्या टेबलावर तारा जुळवीत बसणारी ही मंडळी चार-पांचशें रुपयांच्या नव्या साधनांतून जुन्या चिपेचें हुबेहूब सोंग उभें करतात. त्यांचें काम कसें चालतें आणि त्यांतून मराठी माणसानें काय घ्यावें, हें पाहणें उद्बोधक होईल.

यंत्राला बोलतें करण्याच्या मुख्य वाटा तीन. पहिली वाट सर्वांच्या परिचयाची आहे. माणसाचा आवाज मुद्रित करून ठेवावयाचा आणि हवा तेव्हां वाजवावयाचा. रेल्वेच्या फलाटावर गाडीचा क्रमांक आणि स्थानकाचें नांव सांगणारा आवाज अशाच सुट्या मुद्रित शब्दांची माळ ओंवून बनविलेला असे. दुसऱ्या वाटेनें जाणारें यंत्र आवाज सांठवीत नाहीं. आवाज कसा करावा याची कृति सांठवितें, आणि त्या कृतीबरहुकूम प्रत्येक वेळीं नवा आवाज घडवितें. तिसऱ्या वाटेनें यंत्र लिहिलेला मजकूर वाचून, उच्चाराचे नियम लावून स्वतःच ती कृति रचतें. पहिली वाट म्हणजे रंगविलेलें कापड पेटींत ठेवणें. दुसरी म्हणजे रंगाऱ्याची वही ठेवणें. ज्या चिपांची गोष्ट येथें सांगावयाची आहे, त्या या दुसऱ्या वाटेवरच्या वह्या होत.

उच्चाराची कृति सांगतां येते, ही कल्पना भारतीय मनाला परकी वाटण्याचें कारण नाहीं. प्राचीन शिक्षाग्रंथांनीं वर्णांचीं स्थानें आणि प्रयत्न सांगितले आहेत. कंठ, तालु, मूर्धा, दंत आणि ओष्ठ हीं स्थानें शाळेंतल्या मुलालाही पाठ असतात. त्याच शास्त्रानें वर्णांचे घोष आणि अघोष असे दोन वर्ग केले. श्रोत्यांनीं आपल्या कंठावर दोन बोटें ठेवावींत आणि 'म' हा वर्ण लांबवून उच्चारावा. बोटांना कंप जाणवेल. मग 'स' लांबवून पाहावा. कंप नाहींसा होईल आणि नुसता वाऱ्याचा सळसळाट उरेल. कंठांतून एकतर गुंजारव निघतो किंवा वारा निघतो. जीभ, टाळू आणि ओंठ मिळून मुखाचा जो आकार होतो तो त्याला रंग चढवितो. गुंजारव हें पांढरें कापड आणि मुखाचा आकार हा रंग, असें म्हटलें तर साऱ्या वाक्‌यंत्रांचें तत्त्व सांगून झालें.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या होमर डडली यांनीं याच तत्त्वावर 'व्होडर' नांवाचें यंत्र बनविलें आणि तें १९३९ सालीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत लोकांपुढें बोललें. त्याच्यापुढें एक बाई पेटीवादकासारखी बसे. मनगटाखालच्या पट्टीनें ती घोष कीं अघोष हें ठरवी, पायाखालच्या पट्टीनें आवाज चढवी-उतरवी, आणि दहा बोटांखालच्या दहा पट्ट्यांनीं मुखाचा आकार घडवी. या यंत्रावर सफाईनें बोलण्यास फार दीर्घ शिक्षण लागे. दहा बोटांचें हें काम पुढें दहा आंकड्यांवर आलें, आणि त्या पुढच्या पायरींत एका भारतीय शास्त्रज्ञाचा मोठा वांटा आहे.

बिष्णु अटल यांचा जन्म १९३३ सालचा, कानपूरचा. लखनौ विद्यापीठांत व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत त्यांचें शिक्षण झालें आणि १९६१ सालीं ते बेल प्रयोगशाळेंत गेले. बोलण्याचा ध्वनि क्षणाक्षणाला मोजला असतां प्रत्येक माप मागील कांहीं मापांवरून बऱ्याच अंशीं आधींच सांगतां येतें, ही गोष्ट त्यांनीं व मॅनफ्रेड श्रोडर यांनीं १९६७ च्या सुमारास वाणीच्या कामीं लाविली. जपानमध्यें इटाकुरा आणि सैतो हे स्वतंत्रपणें त्याच दिशेनें चालले होते. भजनांत टाळ धरणारा जाणकार पुढची मात्रा येण्याआधींच ओळखतो, तसाच हा प्रकार आहे. जें ओळखतां येतें तें सांठविण्याची गरज नसते; ओळखण्याचा नियम तेवढा सांठवावा, म्हणजे पुरे. हा नियम म्हणजेच मुखाच्या आकाराचे दहा गुणक. आपल्या मुंबईसही हा विषय अपरिचित नव्हता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील पी. व्ही. एस. राव आणि आर. बी. थोसर यांनीं संगणकाकडून वाणी घडविण्याच्या अभ्यासपद्धतीवर १९७४ सालीं निबंध प्रसिद्ध केला होता.

प्रयोगशाळेंतील मोठमोठे संगणक जें काम करीत तें एका चिपेंत बसविण्याचें धाडस टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनींतील चार माणसांनीं केलें. पॉल ब्रीडलव्ह, रिचर्ड विगिन्स, लॅरी ब्रँटिंगहॅम आणि जीन फ्रँट्झ हीं त्यांचीं नांवें. मुलांना इंग्रजी शब्दांचें वर्णलेखन शिकविणारें 'स्पीक अँड स्पेल' हें त्यांचें खेळणें जून १९७८ मध्यें शिकागोच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें. त्याची किंमत सुमारे ५० डॉलर होती. खेळणें शब्द उच्चारी, मूल अक्षरें दाबी, आणि चुकलें तर खेळणें पुन्हां विचारी. आवाज डल्लस शहरांतील एका रेडिओ-निवेदकाचा होता. त्यानें शब्द एकदां उच्चारले, संगणकानें त्यांचीं कृतिपत्रें तयार केलीं, आणि कारखान्यांत तीं चिपेच्या अंगांतच कोरलीं गेलीं.

या कृतीची काटकसर आंकड्यांनीं पाहावी. होय किंवा नाहीं एवढेंच सांगणाऱ्या खुणेस बिट म्हणतात. टेलिफोनच्या दर्जाचा आवाज जसाच्या तसा सांठवावयाचा तर सेकंदास ६४,००० बिट लागतात. वरील खेळण्याच्या चिपेंत सेकंदाच्या चाळिसाव्या भागाला एक चौकट दिलेली असे. चौकटींत आवाजाच्या जोरासाठीं ४ बिट, मागील आकारच पुन्हां घ्यावयाचा असल्यास त्याची १ खूण, स्वराच्या उंचीसाठीं ५ बिट आणि दहा गुणकांसाठीं मिळून ३९ बिट, एकूण ४९. म्हणजे सेकंदास फार तर १,९६० बिट. वर्ण अघोष असेल तर दहांऐवजीं चारच गुणक पुरत, आणि शांततेची चौकट अवघ्या ४ बिटांत संपे. टी. एम. एस. ६१०० या नांवाच्या वाणी-स्मृतीच्या एका चिपेंत १,३१,०७२ बिट मावत. टेलिफोनच्या पद्धतीनें तेवढ्या जागेंत दोन सेकंदांचें बोलणें बसलें असतें. कृतीच्या पद्धतीनें मिनिटाहून अधिक बसलें. त्या काळीं स्मृति फार महाग होती. ही काटकसर साधली नसती तर मुलांच्या हातीं बोलकें खेळणें आलेंच नसतें.

याच कुटुंबांतील चिपा पुढें इंग्लंडांत गेल्या. एकॉर्न कंपनीनें १९८१ च्या अखेरीस काढलेल्या 'बीबीसी मायक्रो' या शालेय संगणकांत वाणीच्या दोन चिपांसाठीं दोन खोबणी राखून ठेविल्या होत्या. एक बोलणाऱ्या चिपेची, दुसरी तिच्या स्मृतीची. त्या स्मृतींत आवाज घातला होता केनेथ केंडल यांचा. बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर बातम्या सांगतांना ज्याचा चेहरा प्रथम दिसला तो हाच निवेदक. ती गोष्ट १९५५ सालची. भारतांतही बीबीसी मायक्रो आला. केंद्र सरकारनें १९८४ सालीं शाळांतून संगणक-साक्षरतेचा 'क्लास' नांवाचा उपक्रम सुरू केला, तेव्हां निवडक शाळांना हेच संगणक देण्यांत आले. त्या पिढीच्या कित्येक विद्यार्थ्यांचा संगणकाशीं पहिला परिचय याच यंत्रावर झाला. केंडल २०१२ सालीं निवर्तले. त्या स्मृति-चिपेंतील शब्द मात्र, ज्या यंत्रांत ती अजून शाबूत आहे तेथें, त्यांच्याच आवाजांत उमटतात.

शाबूत आहे तेथें, हे शब्द महत्त्वाचे आहेत. या चिपेंतील मजकूर कारखान्यांतच कायमचा कोरलेला असल्यामुळें तो पुसतां येत नाहीं, तसाच रिकाम्या चिपेंत पुन्हां भरतांही येत नाहीं. पाय गंजतात, विजेचा दाब चुकला तर आंतील सूक्ष्म रचना जळते, आणि नवी चिप दुकानांत मिळत नाहीं. बोलणारी चिप चांगली असून तिची स्मृति गेली, म्हणजे रंगारी आहे पण वही हरवली. अशा वेळीं हौशी माणूस काय करतो? तो त्या रिकाम्या खोबणींत बहुरूपी आणून बसवितो.

बहुरूप्याचें सोंग उत्तम तेव्हां, जेव्हां समोरच्यास संशयही येत नाहीं. येथें समोरचा म्हणजे बोलणारी चिप. तिची आणि स्मृतीची बोलण्याची एक ठरीव रीत आहे. बोलणारी चिप सेकंदास १,६०,००० ठोके देते आणि सारा व्यवहार त्या ठोक्यावर चालतो. शब्दाची कृति कोठें सुरू होते तो पत्ता ती चार-चार बिटांच्या पांच तुकड्यांनीं सांगते. त्यांतील १४ बिट चिपेच्या आंतील जागा दाखवितात आणि ४ बिट कोणत्या चिपेनें उत्तर द्यावयाचें तें दाखवितात. एका ओळींत सोळा स्मृति-चिपा जोडतां येतात, आणि प्रत्येकीस कारखान्यांतच आपला घरक्रमांक मिळालेला असतो. आपल्या क्रमांकाची हांक आली तरच ती बोलते, एरव्हीं गप्प राहते. पत्ता पोंचल्यावर बोलणारी चिप एक रिकामी हांक देते, आणि त्यानंतरच्या प्रत्येक हांकेस स्मृतीनें एकेक बिट पुढें करावयाचा असतो. 'जरा थांब' असें सांगण्याची सोय स्मृतीजवळ नाहीं. बिट वेळेवर आला नाहीं तर शब्दाचा चुराडा होतो.

हें सोंग वठविण्यास नवीं साधनें पुरेपूर समर्थ आहेत. रास्पबेरी पाय कंपनीची 'पिको' नांवाची पाटी जानेवारी २०२१ मध्यें ४ डॉलर किंमतीस निघाली. तिचें घड्याळ सेकंदास साडेबारा कोटि ठोके देतें. म्हणजे जुन्या चिपेच्या एका ठोक्यांत नव्या पाटीचे सातशेंहून अधिक ठोके पडतात. शिवाय तारांवरील हांका ऐकून तत्काळ उत्तर देणारे आठ लहान पहारेकरी तिच्या पोटांत वेगळेच नेमलेले आहेत. तिच्या कायम स्मृतींत ६१०० जातीच्या १२८ चिपांचा मजकूर मावेल. अडचण निराळ्याच ठिकाणीं असते. जुन्या चिपा अधिक ५ आणि उणे ५ व्होल्टांवर चालतात, तर नवी पाटी ३.३ व्होल्टांची. दोघांना सरळ जोडलें तर नवी पाटी जळण्याची भीति. म्हणून मध्यें दाब उतरविणारा व चढविणारा दुभाष्या बसवावा लागतो. हा दुभाष्या नीट बसला, कीं चाळीस वर्षांची म्हातारी चिप कालच्या पाटीस आपली जुनी सोबतीण समजून निर्धास्तपणें बोलूं लागते.

परंतु सोंगाला वेष लागतो, तसा येथें मूळ मजकूर लागतो; आणि तो मिळविणें हें खरें जतन होय. एखादी चिप अजून जिवंत असेल तर हौशी माणूस आपल्या पाटीला बोलणाऱ्या चिपेचें सोंग देतो, पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत हांका मारतो आणि सारे बिट उतरून घेतो. चिप मेली असेल तर तिचें कवच उघडून सूक्ष्मदर्शकाखालीं छायाचित्रें काढतात आणि कोरीव खुणा डोळ्यांनीं वाचतात. एवढ्यानेंही काम पुरें होत नाहीं. चौकटींत जे गुणक असतात ते प्रत्यक्ष आंकडे नसून एका कोष्टकांतील ओळींचे क्रमांक असतात, आणि तें कोष्टक बोलणाऱ्या चिपेच्या पोटांत असतें. टी. एम. एस. ५१०० आणि ५२२० या चिपांचीं कोष्टकें निराळीं आहेत. एकीची कृति दुसरीच्या कोष्टकानें वाचली तर शब्द घोगरा आणि ओळखू न येण्याजोगा होतो. रंगाऱ्याच्या वहींत 'तीन मापें' लिहिलें आहे. पण माप कोणतें तें ठाऊक नसेल, तर वही हातीं असूनही रंग साधणार नाहीं. म्हणून वही, माप आणि वाचणारा हीं तिन्ही मिळून एक आवाज राखला जातो.

इतका खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न कोणी करील. आजचीं यंत्रें याहून कितीतरी गोड बोलतात. या प्रश्नाचें उत्तर एका थोर शास्त्रज्ञाच्या चरित्रांत आहे. स्टीफन हॉकिंग हे जानेवारी २००१ मध्यें टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें भरविलेल्या परिषदेसाठीं मुंबईस आले होते. त्यांचा ५९ वा वाढदिवस मुंबईतच झाला आणि मुंबईकरांनीं त्यांचें व्याख्यान ऐकलें. जो आवाज मुंबईनें ऐकला तो त्यांच्या कंठांतील नव्हता. १९८५ सालीं न्यूमोनिया झाला असतां त्यांच्या श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्यांची उरलीसुरली वाचाही गेली. पुढें 'कॉलटेक्स्ट' नांवाच्या यंत्रानें त्यांना आवाज दिला. त्या आवाजाची मूळ घडण डेनिस क्लॅट या संशोधकाची होती, आणि ती त्यांनीं स्वतःच्या आवाजावरून केली होती. क्लॅट १९८८ सालीं वारले. यंत्र काढणारी कंपनी दुसऱ्यांच्या हातीं गेली. नवे, अधिक सुबक आवाज हॉकिंग यांना देऊं करण्यांत आले; त्यांनीं ते नाकारले. जगानें त्यांना ज्या आवाजानें ओळखलें होतें तोच त्यांना आपला वाटत होता.

यंत्रें जुनीं झालीं आणि सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हां अमेरिकेंतील व केंब्रिजमधील कांहीं अभियंत्यांनीं तो आवाज नव्या पाटीवर उतरविण्याचें मनावर घेतलें. मूळ यंत्राच्या स्मृति-चिपा वाचण्यांत आल्या. ध्वनीचें गणित करणारी त्यांतील जपानी चिप एका खेळाच्या यंत्रांतील चिपेच्या जवळच्या नात्यांतली निघाली. आणि त्या खेळाच्या यंत्राचें सोंग एका हौशी माणसानें आधींच तयार करून लोकांस मोकळें करून दिलें होतें. जुने खेळ जिवंत ठेवण्यासाठीं केलेलें तें काम एका शास्त्रज्ञाची वाणी राखण्याच्या कामीं आलें. जानेवारी २०१८ मध्यें रास्पबेरी पायवर चालणारा तो आवाज हॉकिंग यांना ऐकविण्यांत आला आणि त्यांनीं तो पसंत केला. पुढें दोन महिने होतात न होतात तोंच, १४ मार्च २०१८ रोजीं, त्यांचें देहावसान झालें. शेवटच्या दिवसांत आपला आवाज आपल्याजवळ राहील एवढें आश्वासन त्यांना मिळालें होतें. ज्याला कोणी पोरखेळ म्हणेल त्या उद्योगाचें मोल यावरून ध्यानांत यावें.

आतां आपल्या घराकडे वळलें पाहिजे. वर सांगितलेल्या साऱ्या वह्या इंग्रजी आणि तत्सम भाषांच्या. आज ध्वनिमुद्रणावरून अशीं कृतिपत्रें तयार करणारे प्रोग्राम विनामूल्य मिळतात, आणि स्मृतीचें सोंग करणाऱ्या पाटींत हवा तो मजकूर घालतां येतो. म्हणजे जी चिप १९७८ च्या सुमारास इंग्रजी शब्दांसाठीं जन्मली, तिच्याकडून 'एक, दोन, तीन' वदवून घेणें देवगाव रंगारीच्या शाळेंतल्या विद्यार्थ्यालाही अशक्य नाहीं. पण तो प्रयोग करूं लागला, कीं त्याला एक विलक्षण गोष्ट आढळेल. त्या चिपेंत घोष आणि अघोष यांपैकीं एका वेळीं एकच गोष्ट चालते. गुंजारव तरी, नाहींतर वारा तरी. इंग्रजीचें त्यावर बरेंचसें भागतें. मराठींतले घ, झ, ध, भ हे वर्ण मात्र घोषही आहेत आणि महाप्राणही. त्यांत गुंजारव आणि वारा एकाच वेळीं निघतात. 'घर', 'धरण', 'भाकरी' हे शब्द त्या चिपेच्या तोंडीं दुबळे होणार. 'चार' आणि 'चारा' यांतील दोन चकारांचा भेद क्षणाच्या अल्प भागांत घडतो, तो सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्शाच्या चौकटींत पुसट होणार. शिक्षाकारांनीं घोष आणि प्राण यांचे दोन स्वतंत्र भेद कां मानले, याचें प्रात्यक्षिक एक अमेरिकन चिप त्या मुलाला करून दाखवील.

यांतील बोध असा कीं वाणीचें यंत्र ज्या भाषेसाठीं घडतें त्या भाषेचे कान घेऊन घडतें. मराठीसाठीं कांहींच झालें नाहीं असें नाहीं. 'ईस्पीक' नांवाचा विनामूल्य वाचक-प्रोग्राम १९९५ सालीं त्याच एकॉर्न घराण्यांतील संगणकांवर प्रथम अवतरला आणि पुढें इतर अनेक भाषांबरोबर मराठीही बोलूं लागला. त्याचा आवाज रुक्ष आहे. पण पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रामाला जोडला म्हणजे अंध वाचकाला मराठी पान त्याच्यामुळें ऐकतां येतें, आणि त्याची सारी कृति कोणालाही उघडून वाचतां व सुधारतां येते. ही वही खुली आहे, हा तिचा सर्वांत मोठा गुण. आजचे जे गोड मराठी आवाज मोठ्या कंपन्यांच्या दूरच्या यंत्रांतून येतात, त्यांची वही मात्र कोणाच्या घरांत नसते. ती सेवा उद्यां बंद झाली तर त्या आवाजाचें सोंग उभें करण्यास हौशी माणसाच्या हातीं एक चिपही उरणार नाहीं. १९७८ च्या खेळण्याची चिप निदान उघडून पाहतां तरी आली.

येथें एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. आवाजाला धनी असतो. जुन्या चिपेंतील मजकुरावर तो करणाऱ्यांचा हक्क असूं शकतो. आपल्या बिघडलेल्या यंत्राच्या दुरुस्तीसाठीं तो उतरून घेणें निराळें आणि त्याचा बाजार मांडणें निराळें. जिवंत माणसाचा आवाज घ्यावयाचा तर त्याची संमति घ्यावी आणि तो कशासाठीं वापरला जाईल हें त्याला आधीं सांगावें. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या पुढाकारानें महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्यांत गाणाऱ्या बाईचें नांव आणि गांव यांची नोंद ठेवण्याकडे लक्ष दिलें गेलें. आवाज जपण्याची रीत अशी असावी.

हें काम मोठ्या संस्थांनीं करावें हें खरेंच. पण त्यासाठीं त्यांची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. एखाद्या शाळेनें आपल्या गांवच्या दहा वृद्धांकडून दोनशें शब्द स्वच्छ म्हणवून घ्यावे. मूळ ध्वनिमुद्रण कांटछांट न करतां ठेवावें. त्यावरून केलेल्या कृति, त्यांचीं कोष्टकें आणि त्या वाचण्याचा प्रोग्राम हीं सारीं एकत्र ठेवावींत, दोन-तीन ठिकाणीं ठेवावींत, आणि कोणी, कोठें, कोणत्या दिवशीं शब्द उच्चारले तें साध्या मराठींत कागदावर लिहून जोडावें. पाटी बिघडेल, तिच्या जागीं दुसरी येईल; चाळीस वर्षांनीं येणारा कोणी हौशी मुलगा त्या कागदावरून पुन्हां तारा जुळवील, आणि देवगावच्या एखाद्या आजीनें उच्चारलेला 'भाकरी' हा शब्द, तिच्या घोषासह आणि तिच्या श्वासासह, पुन्हां ऐकूं येईल.